एलिहियाबाईंचा फळा

असुन्सिओन शहरातलं एलिहिया ओवेलार यांचं वकिलीचं ऑफिस वाढलं आणि बाईंची झोप उडाली. पूर्वी मोजकेच वकील होते, कोण काय करतंय ते खुर्चीवरून दिसायचं. आता दोन मजले झाले. कोण राबतंय आणि कोण नुसता फायली चाळतोय, काही कळेना. मग बाईंनी भिंतीवर फळा लावला. कामाचे तास, नवे अशील, निकाली निघालेली प्रकरणं. ठरल्याइतकं झालं तर हिरवा ठिपका, नाहीतर लाल. यात वावगं काही नव्हतं. आळशी देर्लिससुद्धा वेळेवर येऊ लागला, आणि कुणावर किती ओझं पडतंय हे बाईंना पहिल्यांदाच दिसलं.

फक्त सकाळच्या तेरेरेला त्या फळ्यावर जागा नव्हती. बर्फाच्या पाण्यातलं ते कडवट पेय सगळे अंगणात गोल बसून एकाच पेल्यातून आळीपाळीने प्यायचे आणि गप्पा हाणायचे. बाईंनी बंदी घातली नव्हती, पण गप्पांचा वेळ दाखवायचा कुठे? लाल ठिपका कुणालाच नको होता. एकेक जण आपापला थर्मास टेबलाशी घेऊन बसायला लागला. अंगण ओस पडलं. बाईंना वाटलं, वा, काय शिस्त लागली! माणूस रंगीत ठिपक्यांना भुलला की त्याला असंच वाटतं.

अशात इलारिओकाका आले. यांचा सुतारकामाचा कारखाना. बाई नवशिक्या असताना, कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा, पहिलं काम यांनी दिलेलं. या माणसाला कधी अंतर द्यायचं नाही, हे बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. काकांचं धाकट्या भावाशी, साबिनोशी, कारखान्याच्या जागेवरून बिनसलं होतं. बाईंनी प्रकरण खालच्या मजल्यावरच्या निल्दा वकिलीणबाईंकडे सोपवलं. वरच्या मजल्यावर देर्लिसनेही एक नवा अशील गाठला आणि माणसाऐवजी त्याच्या दुकानाच्या नावाने नोंदवला, त्यामुळे अशिलांची आडनावं जुळवून पाहणाऱ्या संगणकालाही काही खटकलं नाही. फळ्यावर दोघांनाही हिरवा ठिपका मिळाला.

कोर्टाच्या दारात निल्दा काकांना घेऊन उभी होती. समोरून देर्लिस आला, सोबत साबिनो.

"तू इथे कशाला?" निल्दाने विचारलं.

"हे माझे अशील. तू कुणाची?"

काका दोघांकडे बघतच राहिले. "अरे, तुम्ही एकाच ऑफिसातले ना रे?"

दोन्ही भावांची गुपितं एकाच छपराखाली सांगून झाली होती. एका ऑफिसला भांडणाच्या दोन्ही बाजू घेता येत नाहीत, त्यामुळे आता दोघांनाही सोडणं भाग होतं.

"एकमेकांना सांगता येत नाही होय?" दोघं ऑफिसात परतल्यावर बाई कडाडल्या.

"कधी सांगायचं, बाई?" निल्दा म्हणाली. "पूर्वी तेरेरेला बसलं की पहिल्या पेल्यालाच अशिलांची नावं निघायची."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः काकांना दुसऱ्या वकिलाकडे घेऊन गेल्या. वाटेत त्यांनी सगळं सांगितलं, अगदी ठिपक्यांसकट. दारापाशी बाई थांबल्या.

"काका, चूक माझी आहे. मी आत येते, या वकिलांना तुमचं सगळं नीट समजावून सांगते."

"नको, मुली. तू जा. तिकडे तुझा वेळ मोजत असतील."

त्यात टोमणा नव्हता. काका खरोखरच काळजीने बोलले आणि एकटेच आत गेले.