भोयर काकांची दोन मनगटं

आमच्या शेजारचे भोयर काका कुठलीही वस्तू नाकाला लावल्याशिवाय घेत नसत. चहापत्तीचं एक वेळ समजता येईल, पण चपलेचा जोडसुद्धा! घमापूरच्या बाजारात त्यांच्यासोबत जायची मला लाज वाटायची. डिफेन्सच्या कारखान्यात तीस वर्षं माल पास-नापास करण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्खी गल्ली तपासायला घेतली होती.

माझी शाळेतली नोकरी सुटली, तेव्हा मी घरूनच सेंट विकायचं ठरवलं. नणदेकडे महागड्या परदेशी सेंटची बाटली होती. 'हुबेहूब तसाच' म्हणून एक स्वस्त सेंट ठोक भावात मिळत होता. गाठीला होतं नव्हतं ते त्यात घालायचं, तर आधी काकांचा निकाल हवा. काकांनी पास केलेली वस्तू गल्लीतल्या बायका डोळे मिटून घेत.

काकांनी डाव्या मनगटावर असली लावला, उजव्यावर नकली, आणि पेनने तसं लिहूनही ठेवलं. मग पाट घेऊन स्वयंपाकघरात काकूंजवळ जाऊन बसले. "फोडणीत टिकला तं टिकला," म्हणाले. संध्याकाळी बाहेर येऊन निकाल दिला, "फेल. दुपारीच पाणी होऊन गेला."

माझे डोळे भरून आले.

"अवं, रडून काहून राहिली? दुसरा आण. बाजारात एकच सेंट आहे का?"

तिसरा नमुना पास झाला, पण अटीवर. "असलीसारखा नाही हा. तसं सांगूही नको कोणाले. चांगला आहे, एवढंच सांग." मी तेवढंच सांगत गेले आणि माझं घर त्यावर उभं राहिलं. काकांच्या नाकाचं कौतुक मी येईल त्याला ऐकवायची. काकू ऐकायच्या आणि पोळ्या लाटत राहायच्या.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. अस्थी घेऊन तिलवाऱ्याच्या घाटावर निघण्याआधी काकांनी मला आत बोलावलं.

"तो तिसरा सेंट आहे का घरी? माझ्या सदऱ्याले लाव थोडा."

मला नवल वाटलं. काकांनी स्वतःसाठी सेंट कधी लावला नव्हता.

"मले काय कळते त्यातलं," ते म्हणाले. "माझं नाक कारखान्यातच गेलं, नोकरीत असतानाच. मनगटं माझी होती, हुंगत ती होती. तिनंच पास केला तो. लोक मलेच विचारत आले, अन् मी तिचं नाव सांगितलंच नाही."

इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाचे आभार मानत होते, आणि जिचे मानायचे ती दोन हातांच्या अंतरावर, पोळीच्या पिठात हात घालून बसलेली असायची. मी घरून बाटली आणली आणि त्यांच्या कॉलरला सेंट लावला.

दारात ते थांबले. सवयीने कॉलर नाकाशी नेली, मग माझ्याकडे पाहिलं.

"येऊन राहिला का वास?"

"येतोय, काका."

"अच्छा. चलो मग," ते म्हणाले आणि त्यांनी कलश उचलला.