काकूंच्या घरची कागदी प्लेट

काकूंनी स्टीलची ताटं मांडली. डॉक्टरकाकांना, स्वतःच्या मुलांना, भारतातून आलेल्या पाहुण्यांना. मग आई, बाबा आणि मी, आमच्या तिघांपुढे कागदी प्लेटा ठेवल्या.

"तुम्हाला हेच सोयीचं," त्या आईला म्हणाल्या. "धुवायची कटकट नाही."

धुणार कोण होतं? घरात डिशवॉशर होता. बहुधा त्यालाही विटाळ होत असावा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेरा वर्षांची. जर्सी सिटीत लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्यांत आम्ही राहायचो. हीटर बंद पडला की ओव्हन उघडा ठेवून त्यापुढे बसायचो. बाबा गॅरेजमध्ये मेकॅनिक. रस्त्यावरची गोरी पोरं "डर्टी हिंदू" ओरडत आमच्यावर अंडी फेकायची. गंमत बघा. रस्त्यावर हिंदू म्हणून अंडी खायची, आणि काकूंच्या घरी आम्ही हिंदूंत धरलेच जात नव्हतो.

मराठी मंडळात ओळख झाली त्या पहिल्याच भेटीत काकूंनी आमचं आडनाव, गाव, गावातलं घर नेमकं कुठल्या टोकाला, सगळं खणून काढलं होतं. लोक अमेरिकेत येताना लोणचं आणतात. यांनी जात आणली. कस्टम्सवाल्यांना सापडली नाही.

त्या रविवारी बाबा सकाळपासून डॉक्टरकाकांच्या गाडीखाली पडले होते. ओळखीचे म्हणून फुकट. गाडीला त्यांचा हात चालत होता.

जेवताना काका तावातावाने सांगत होते, "इथल्या स्विमिंग क्लबनं आम्हाला मेंबरशिप नाकारली हो! कातडीचा रंग बघतात! विसाव्या शतकात! आपण उतरलो तर यांचं पाणी बाटतं!"

पाहुणे हळहळले. बाबाही हळहळले. आमटीने भिजून त्यांची प्लेट वाकली होती, पँटवर थेंब गळत होते, आणि हा माणूस डॉक्टरांसाठी हळहळत होता!

मी उठले. किचनमध्ये गेले. रॅकवरचं स्टीलचं ताट काढलं, पातेल्यात डाव घातला.

"अगं अगं, मी वाढते ना!" काकू धावत आल्या.

"नको काकू, मी घेते. विसावं शतक आहे."

भरलेलं ताट घेऊन मी टेबलाशी आले. आई पुटपुटली, "बस खाली." बसले. आणि पोटभर जेवले. आमटी अळणी होती. एवढं सोवळं पाळून मीठ विसरल्या होत्या.

घरी परतताना बाबा एवढंच म्हणाले, "अशा लोकांची ओळख लागते."

"कशाला?" मी विचारलं.

ते पँटवरचा आमटीचा डाग खरवडू लागले.

आठवड्याने काकूंचा फोन आला. मीच उचलला.

"गाडीचे ब्रेक वाजतायत. रविवारी बाबांना पाठव."

"बाबा येणार नाहीत. गाडी गॅरेजला आणा."

"ही काय बोलायची पद्धत? आईला दे."

आई शेजारीच उभी होती. तिने रिसीव्हर घेतला. माफी मागणार, असं मला वाटलं.

"ती बोलली ते बरोबर आहे," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

बाबांनी मान वर केली नाही. पण रविवारी ते घरीच राहिले.

त्या घराची पायरी आम्ही पुन्हा चढलो नाही. मी तेव्हाच ठरवलं. ज्याला माझे हात चालतात पण मी चालत नाही, त्याच्या दारात मी उभी राहणार नाही. तो गोरा असो, नाहीतर मराठी.