नखावरचा थेंब

वैद्यकीय कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या सरांनी वॉर्डातल्या एका बाईंच्या नखावर पाण्याचा थेंब ठेवला. तो ओघळला नाही, तसाच थांबला. "पाहा," सर म्हणाले, "नख चमच्यासारखं खोलगट झालंय. याला कॉइलोनिकिया म्हणतात. बहुतेक वेळा अंगात लोह कमी पडल्याचं लक्षण." आम्ही वह्यांत शब्द लिहून घेतला आणि सगळे पुढच्या वॉर्डात गेले.

स्पेलिंग नीट करायला मी मागे राहिले. "काय नाव म्हणाले साहेब?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना ते उच्चारता येईना, तशा त्या हसल्या. मग मी पुस्तकातलं सांगू लागले, की गोळ्या घ्या, पालेभाज्या खा, कडधान्यं खा.

"भाजी रोज करते की, ताई. पर समद्यांची जेवणं झाल्यावर नुसतं कालवणाचं पाणी उरतं."

इतका नेमका शब्द माझ्याजवळ होता, पण त्यांच्या चुलीपर्यंत तो काही पोहोचत नव्हता.

तेवढ्यात त्यांनी खाटेवर बसलेल्या आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात माझ्यापुढे केला. "हिचं बघा. हिला नाही ना तसं?"

मुलीची नखं मधोमध किंचित दबलेली होती.

"सरांना विचारून सांगते," मी म्हणाले. खरं तर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगी मात्र हात तसाच पुढे धरून बसली होती.