दर्नाने लेआर्कोला दिलेली कुत्री

दर्नाने लेआर्कोला जाणूनबुजून खोट्या नाकाची कुत्री दिली, ही कुजबुज आर्जियाच्या बारमध्ये पहिल्यांदा कोणी सोडली ते सांगता येणार नाही. आर्जियाने ती ग्लास पुसता पुसता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानात घातली, एवढं मात्र नक्की. "मी काही बोलत नाही हं," अशी सुरुवात करून आर्जिया जे काही बोलायची, ते संध्याकाळपर्यंत पलीकडच्या खोऱ्यात पोचलेलं असायचं.

कुजबुज साधी नव्हती. रोमान्याच्या या डोंगरांत माणसं देवावर शंका घेतात, बायकोवर तर घेतातच, पण दर्नाच्या कुत्र्यावर आजवर कोणी घेतली नव्हती. ओकच्या मुळांशी ट्रफल, म्हणजे सोन्याच्या भावाने विकली जाणारी वासाची अळंबी, पिकतं ते जमिनीखाली. माणसाने जन्मभर खणलं तरी त्याला ते मिळायचं नाही. ते हुडकतात इथली कुरळ्या केसांची कुत्री, आणि त्यांतली खात्रीची कुत्री दर्नाच्या अंगणातली.

दर्ना म्हणजे ठेंगणी, रुंद, पायांत पुरुषी बूट, ओठांत विझलेली सिगार. नवरा जर्मनीला कामाला म्हणून गेला तो गेलाच. "बरं झालं," दर्ना म्हणायची, "मुळात माणसाळलेला नव्हताच तो." तिच्याकडून पिल्लू मिळवण्यापेक्षा कोणाची मुलगी मागायला जाणं सोपं. मागणाऱ्याला ती अंगणातल्या मोडक्या खुर्चीत बसवायची आणि उलटतपासणी सुरू करायची. दिवसभर घरी कोण असतं? आधीचं कुत्रं कशाने गेलं? उद्या तू मेलास तर याला कोण बघणार? या शेवटच्या प्रश्नाला भलेभले खुर्चीत चुळबुळायचे. बोलोन्याहून एक बडा वकील फरकोटवाल्या बायकोला घेऊन आला होता. बाईंना सोफ्याला शोभेल असा रंग हवा होता. दर्नाने त्यांना सोफ्याच्या दुकानाचा पत्ता दिला. गावातली सगळ्यांत देखणी कुत्री तिचीच, पण त्या कुत्रीचा खुबा जन्मतः कच्चा, पिल्लांत उतरणारा. लोकांनी हातापाया पडून सांगितलं तरी दर्नाने तिचं एकही वेत होऊ दिलं नाही.

शिवाय तिची एक अट असायची. कुत्र्याचे हाल दिसले, तर ती येऊन परत नेणार, आणि कोणी चकार शब्द काढायचा नाही. नगराध्यक्षांच्या घरून तिने असंच एक नेलं होतं, ते रविवारी सूप पीत असताना. गळ्यात खोचलेल्या रुमालासकट ते दारापर्यंत धावले आणि तिथेच उभे राहिले. काय बोलणार? अट त्यांनी मान्य केलेली.

अशा बाईची कुत्री कोणी मारावी? मागच्या शरदात कोणीतरी मारली. नोर्मा तिचं नाव. ओढ्याच्या वरच्या ओकांखाली पानांत मांसाचा गोळा टाकलेला होता, बडीशेप घातलेला, आत गोगलगाई मारायच्या विषाचे निळे दाणे. डॉक्टरच्या दारापर्यंत पोचायच्या आतच नोर्मा दर्नाच्या मांडीवर तडफडून गेली. घरी तिची दूधपिती पिल्लं. त्याच आठवड्यात दर्नाचा चुलतभाऊ सेकोंदो याचाही कुत्रा गेला. दर्नाला पानांत दुसरा गोळा सापडला, तो घेऊन ती पोलिसांकडे गेली. फौजदाराने खांदे उडवले आणि गोळा तिच्या हातात परत ठेवला. हे दाणे तर प्रत्येकाच्या परसात असतात, बाई.

कोणी केलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या ओकांना लागून लेआर्कोचं रान. दुसऱ्याचं कुत्रं तिकडे फिरकलं की लेआर्कोच्या पोटात दुखायचं. पण पुरावा कुठे होता? माणसं बारमध्ये त्याच्याशी पत्ते खेळत राहिली, फक्त त्याला जोडीदार मिळायला जरा उशीर लागू लागला.  दर्नाने पिल्लांना बाटलीने दूध पाजलं.

वसंतात लेआर्को स्वतः तिच्या दारात उभा. त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं, ब्रूनोचं, नाक गेलं होतं, आणि कुत्र्याशिवाय या डोंगरात माणूस म्हणजे नुसता फिरायला आलेला पाहुणा.

"दर्ना, एक पिल्लू हवंय."

"बस," दर्ना म्हणाली. तो मोडक्या खुर्चीत बसला. "झोपेल कुठे?"

"स्वयंपाकघरात, चुलीपाशी."

"साखळी?"

"छे छे!"

"उद्या मेलास तर?"

"बहीण आहे ना."

"ती तुझ्याशी बोलते का?"

"माझ्याशी नसेल बोलत. कुत्र्याशी बोलेल की."

दर्नाने सिगार एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. "नोर्माची पोर घे. मोरा. पण आत्ता नाही. उन्हाळाभर शिकवून तयार करून देते. अट तुला माहीत आहे."

लेआर्को हवेत तरंगतच घरी गेला. तयार कुत्री दर्नाने आजवर कोणाला दिली नव्हती. सेकोंदोला कळलं तेव्हा तो तरातरा अंगणात आला.

"अगं, लाज आहे का? आईला मारणाऱ्याच्या हातात पोर देतेस?"

"त्याच्याच हातात द्यायचीय मला."

"चर्चला जाऊन आलीस वाटतं. क्षमाबिमा?"

"क्षमा पाद्रीबाबांनी करावी. त्यांचं कुठे कुत्रं मेलंय?"

एरवी दर्ना सगळ्यांदेखत बागेत कुत्री शिकवायची. त्या उन्हाळ्यात तिने मोराला कोठारात नेलं आणि दार लावून घेतलं. आतून मोराच्या भुंकण्याचा आवाज यायचा, मग दर्नाचं "शाब्बास", मग पावाचा तुकडा चघळल्याचा आवाज. सेकोंदोने फटीला डोळा लावून पाहिलं, तर आतून बूट आदळला.

उन्हाळा सरता सरता मोरा लेआर्कोकडे गेली, आणि पहिले दोन आठवडे त्याने बारमध्ये कोणाला तोंड उघडू दिलं नाही. मोरा अशी, मोरा तशी, मोराने कालच्या पावसात हे एवढं ट्रफल काढलं! आणि खरं सांगायचं तर त्याने तिला फुलासारखं जपलं. दर्ना दर रविवारी पाहायला जायची, बरगड्यांवरून हात फिरवायची, कान उलटून बघायची. दोष काढावा असं काही सापडायचं नाही. परतताना तिचा चेहरा असा व्हायचा की वाटेत कोणी तिला नमस्कार करत नसे.

मग तक्रारी सुरू झाल्या. "काहीतरी विचित्र आहे तिचं," लेआर्को सांगू लागला. "माझ्या शेडच्या भिंतीसमोर बसते आणि भुंकते. तिथे काय ट्रफल आहे? परवा माझ्या जुन्या कोटासमोर बसून भुंकली."

"उंदीर असतील," दर्ना म्हणाली.

"कोटात?"

"कोट कसा ठेवतोस त्यावर आहे."

पण बोल लागायचा तो लागलाच. आर्जियाच्या बारमधून कुजबुज निघाली. दर्नाने सूड म्हणून वाया गेलेली कुत्री त्याच्या गळ्यात मारली. आज त्याच्या मारली, उद्या आपल्या मारेल. सांगून ठेवलेली दोन पिल्लं लोकांनी नको म्हणून कळवली. आयुष्यभर जपलेलं नाव एका शरदात पाचोळ्यासारखं उडायला लागलं. सेकोंदो म्हणाला, "परत घे ती कुत्री आणि मिटव एकदाचं." दर्ना म्हणाली, "जत्रा होऊ दे."

नोव्हेंबरातल्या ट्रफलच्या जत्रेत शाळेमागच्या शेतात दोरी लावतात, आत ट्रफल पुरतात आणि कुत्री सोडतात. सगळं गाव दोरीशी, हातात गरम चेस्टनटच्या पुड्या. लेआर्को आला तो थेट रानातून, मागे मोठा खिसा असलेलं शिकारीचं जाकीट अंगात. सगळे जत्रेत गुंतलेले, रान मोकळं. पहाटेपासून तो तिथेच फिरत होता.

मोराला सोडलं. तिने दोन ट्रफलं अशी काढली की टाळ्या पडल्या. ती बक्षिसाचा पाव घ्यायला मालकाकडे धावली आणि त्याच्या पाठीमागे जाऊन बसली. मग भुंकायला लागली.

"लेआर्को, ट्रफल तुझ्या ढुंगणावर उगवलंय रे!" कोणीतरी ओरडलं. शेतभर हशा.

"गप, मोरा. चल." त्याने तिला ओढलं. ती पुन्हा मागे जाऊन बसली, नाक त्याच्या मागच्या खिशाकडे.

दर्ना दोरी ओलांडून आत आली. "खिसा उलटा कर."

"का म्हणून?"

"कुत्री मी दिलीय. तिचं नाक खोटं आहे असं तूच सांगत फिरतोस. दाखव सगळ्यांना, खोटं आहे ते."

लेआर्कोने खिशावर हात ठेवला, आणि तिथेच तो संपला. सेकोंदोने मागून त्याचे दोन्ही हात धरले. खिशातून मेणकागद निघाला, आणि मेणकागदातून बडीशेपेच्या वासाचे तीन गोळे. सेकोंदोने एक फोडला. निळे दाणे गवतावर सांडले.

कोणी त्याला मारलं नाही. मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. माणसं नुसती एकेक पाऊल मागे सरली आणि तो शेताच्या मध्ये एकटा उरला. आर्जियासुद्धा, आयुष्यात पहिल्यांदाच, काही बोलत नाही असं म्हणून खरंच काही बोलली नाही. दर्नाने मोराचा पट्टा हातात घेतला.

"कुत्री तरी राहू दे," लेआर्को म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. "तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही मी. दर रविवारी बघून जायचीस ना तू?"

"बघून जायचे."

"मग?"

"तिच्यावर तुझा जीव जडेपर्यंत थांबले," दर्ना म्हणाली. "नोर्मा माझ्या मांडीवर गेली, लेआर्को. ही तुझ्या डोळ्यांदेखत जाणार, आपल्या चार पायांनी, आणि वळून बघणार नाही."

मोराने मात्र वळून पाहिलं. दर्नाने पट्ट्याला हिसका दिला आणि त्या दोघी शाळेच्या कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या.

त्यानंतर पत्त्यांच्या टेबलावर लेआर्कोला जोडीदार मिळाला नाही. फौजदाराला या खेपेस खांदे उडवता आले नाहीत. नको म्हणून कळवलेल्यांनी पिल्लांसाठी पुन्हा निरोप धाडले. त्यांना दर्नाने मोडक्या खुर्चीत पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ बसवलं.

मोराचं नाक कधीच खोटं नव्हतं. दर्नाने तिला दोन वास शिकवले होते: एक ट्रफलचा, दुसरा त्या गोळ्यांचा.