शेजारच्या अंगणातली पाटी

मुलीकडे अमेरिकेत आलो की सकाळी मी खिडकीत बसतो. दुसरं काम कोणी देत नाही. आज शेजारचे आजोबा अंगणात रोवलेली प्रचाराची पाटी उपटत होते. पाटीवर त्यांच्या जुन्या, समजूतदार खासदाराचं नाव. इथे पक्षाचा उमेदवारही पक्षाचे मतदारच मत देऊन ठरवतात. कालच्या मतदानात त्या खासदाराला त्याच्याच पक्षातल्या एका तरुण, तडफदार बाईने हरवलं. तिच्यासाठी आमच्या कन्येने दारोदार हिंडून चपला झिजवल्या होत्या.

“बाबा, ‘बघू, करू, सगळ्यांना सांभाळून घेऊ’ म्हणणाऱ्यांना लोक कंटाळलेत,” चहा ओतताना ती म्हणाली.

आयुष्यभर मी दुसरं केलं काय? आई आणि बायको भांडल्या की दोघींनाही “तुझंच बरोबर” म्हणायचो. असं मतदान आमच्या घरात झालं असतं, तर माझं डिपॉझिटही जप्त झालं असतं.

“पण आता खऱ्या निवडणुकीत तुमची बाई समोरच्या पक्षाला हरवेल ना गं?” मी चाचरत विचारलं. “नाहीतर हाही गेला आणि तीही गेली, असं व्हायचं.”

तिचा हात थांबला. याच काळजीने रात्रभर ती झोपली नव्हती, हे डोळ्यांवरून दिसत होतं.

“बघू,” ती म्हणाली.

बाहेर आजोबांनी पाटी काढून तिची तारेची चौकट टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून खोचली. रोप वाऱ्याने डुलत होतं. ते तग धरतंय का, हे आम्ही दोघं चहा निवेपर्यंत बघत राहिलो.