लाडकुंवरची मोत्यांची खोली

जळगावच्या डाळ गिरणीवाल्या माणकचंदांची बायको लाडकुंवर हिच्या हातचं मोत्यांचं तोरण नाही, असं नात्यात एकही घर नव्हतं. काचमण्यांचे मोर, हत्ती ती असे गुंफायची, की बायका तोरण उलटून गाठ शोधत बसायच्या. माडीवरची पश्चिमेची खोली तिची. मण्यांचे डबे, जुन्या घागऱ्यांच्या किनारी, जरीच्या पट्टीचा गोटा, चिंध्यांची बोचकी, असा बावीस वर्षांचा पसारा तिथं साठला होता.

सदुसष्टच्या दिवाळीनंतर तिला क्षय निघाला. डॉक्टरांनी रोजचं इंजेक्शन, मूठभर गोळ्या आणि मोकळ्या हवेची वेगळी खोली सांगितली. तशी खोली घरात ती एकच.

"चिंध्यांची धूळ छातीला वाईट. बोहारणीला देऊन टाकू सगळं," माणकचंद म्हणाले.

"कोणी हात लावायचा नाही. मीच आवरीन," लाडकुंवरनं बजावलं.

पण वीसेक इंजेक्शनं झाली आणि पायाखालची जमीन हलू लागली. कानात सारखं किर्र वाजायचं. डबा उघडावा, चार वस्तू काढाव्यात, त्या कुठं ठेवायच्या ते ठरेपर्यंत गोळ्यांनी मळमळायचं आणि भिंत धरत मोरी गाठावी लागायची. आठ दिवसांत पसारा दुप्पट झाला.

एकदा ती लाल मण्यांचा डबा घ्यायला वाकली, तोल गेला आणि लाल-हिरवे दोन्ही डबे फरशीवर सांडले. घरकामाला येणारी बेबाबाई केरसुणी घेऊन धावली. ती मूळची धुळ्याकडची.

"अक्का, हाई बठ्ठं कामनं शे का?"

"मग काय, सगळं केराचं आहे?" लाडकुंवर खेकसली. दोघींनी दुपारभर मणी निवडले. लाडकुंवरला एकाचे दोन दिसत होते. शेवटी तिनं सूप दूर ढकललं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

माणकचंदांनी धुळ्याच्या बहिणीला पत्र टाकलं. पत्र मिळताच प्रेमकुंवर पहिल्या एसटीनं हजर. या नणंदेला लाडकुंवरनं कधी एक नमुना उतरवून दिला नव्हता, कारण मणी ओवताना तिचा हात ढिला. आता तीच पदर खोचून खोलीच्या मधोमध उभी.

"भाभी, ह्या किनारी ठेवायच्या?"

"वाढायचं काय आत्ता? भूक नाही मला."

"किनारी म्हणते मी."

"ओरडता कशाला, बाईसा? बहिरी नाही मी."

प्रेमकुंवरनं हातातल्या किनारी खाली ठेवल्या. मग ती लाडकुंवरच्या डाव्या हाताला जाऊन बसली आणि तिचं नाव घेऊन हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. लाडकुंवर गोट्याची गुंडाळी उलगडत राहिली. प्रेमकुंवरनं खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली, आणि नणंदेच्या तोंडाकडं पाहताच तिला कळलं.

"कधीपासून?" प्रेमकुंवरनं विचारलं.

"मला वाटलं, घरात सगळे हळू बोलायला लागलेत. आजारी माणूस म्हणून."

प्रेमकुंवर त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरांकडं घेऊन गेली. हा इंजेक्शनाचाच परिणाम, ते म्हणाले. त्यांनी इंजेक्शन बंद करून गोळ्या वाढवल्या. उजवा कान वाचला. गेलेला डावा मात्र परत यायचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लाडकुंवर खाटेवर बसून नुसतं बोट दाखवत होती. चिंध्या गेल्या, किनारी गेल्या, गोटा शेजारणीनं नेला. नमुन्यांच्या वहीवर हात पडला तेव्हा प्रेमकुंवर थांबली.

"घेऊन जा," लाडकुंवर म्हणाली. "पण मोराची मान ढिली ओढलीत तर माझं नाव सांगू नका."

"मान तुम्हीच करा बरं झाल्यावर."

"सुई ओवता आली तर ना," ती चिडून म्हणाली.

संध्याकाळी खोली धुऊन निघाली. खिडकीतून वारा येत होता. लाडकुंवरला त्या रिकाम्या भिंतींचाही राग आला. तिनं बेबाबाईला हाक मारली आणि खाट फिरवून घेतली, उजवा कान दाराकडं येईल अशी.