तांडेलांचे दोन रस्ते

दोन वर्षांत तांडेलांनी माझ्या डोळ्यांदेखत चार माणसांना मारलं. पहिला एक लॉरीवाला, चिंचपोकळीच्या पुलावर आडवा आला म्हणून. दुसरा व्हिक्टोरियावाला. तो दमलेल्या घोड्याला फोडून काढत होता, तर तांडेलांनी गाडी थांबवली, त्याच्याच हातचा चाबूक हिसकावला आणि त्याच्याच पाठीवर ओढला. तिसऱ्याचं कारण मला आजतागायत कळलेलं नाही. चौथ्याचं मात्र नीट ठाऊक आहे, कारण त्या फटक्यात माझाही वाटा होता.

मी तेव्हा नुकतीच डॉक्टर होऊन ठाकूरद्वारच्या एका प्रसूतिगृहात लागले होते. प्रसूतिगृह ज्यांचं होतं त्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. त्यांची एक काळी, जुनी, उंच टपाची गाडी होती आणि तांडेल त्या गाडीचे ड्रायव्हर. मूळचे मालवणकडचे. तिथं मचव्यावर तांडेल होते, म्हणजे मचव्याचे मुख्य. एका वादळात मचवा फुटला, बरोबरची दोन माणसं गेली, आणि हे मुंबईला आले. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी सही करतानाच काय ते निघायचं. एरवी सगळ्यांना ते तांडेलच.

परळ-लालबागकडे कुणाला बघायला जायचं असलं की गाडीत बसताक्षणी ते विचारत, "बाय, खयच्या रस्त्यान जावचा? पोटाच्या की डोळ्यांच्या?" पोटाचा रस्ता म्हणजे लॅमिंग्टन रोडनं सात रस्ता आणि तिथून सरळ गिरणगावात. जवळचा, कामाचा, ट्राम-हातगाड्यांनी गच्च भरलेला. डोळ्यांचा म्हणजे चौपाटी, पेडर रोड, हाजीअली, वरळीचा समुद्र, आणि मग मागून परळात शिरायचं. दीडपट लांब. डॉक्टरीणबाई हसून म्हणत, "तुमचे डोळे माझं पेट्रोल पितात, तांडेल." पण रोगी अडलेला नसला तर त्याही गाडी समुद्राकडूनच जाऊ देत.

मला वाटे, याला गावच्या समुद्राची ओढ आहे, एवढंच. एकदा वरळीला गाडीचं इंजिन तापलं म्हणून आम्ही कठड्याशी उभे होतो. मी सहज म्हटलं, "तांडेल, तुम्ही मारामाऱ्या करता त्या सगळ्या शहरातल्या रस्त्यावर. इकडे कधी कुणावर ओरडतसुद्धा नाही." त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "दर्यो दिसलो की माझो हात गप रवता, बाय. भितुर शिरलंय की माका वाटता सगळे आंगार येतहत." आत शिरलो की सगळे अंगावर येताहेत असं वाटतं, म्हणाले. मचवा फुटला त्या दिवसापासून ते तसं होतं. हे मला ठाऊक होतं. पुढं जे झालं ते ठाऊक असताना झालं, म्हणून सांगितलं.

माणसांना मारणारे हे तांडेल बाळंतिणींना मात्र फुलासारखे जपत. घरी पोचवताना रस्त्यातला एकही खड्डा चाकाखाली येऊ देत नसत. पोराला दोन्ही तळव्यांवर घेऊन जिना चढत आणि आईच्या हाती देताना म्हणत, "घे गो, तुझा गलबत धक्क्याक लागला."

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले गोळीबाराचे दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं ठरतंय म्हटल्यावर गिरगावपासून परळपर्यंत रस्ते पेटले. दुकानं बंद, ट्रामा बंद. संध्याकाळी संचारबंदी, आणि दिवसा दगड, लाठ्या, अश्रुधूर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका कॉलेजच्या मुलाला गोळी लागली. त्याला तांडेलांनीच उचलून आत आणलं. माझ्या हाताखालीच तो गेला. तांडेलांनी रक्तानं भरलेला सदरा नळाखाली धुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिलाईल रोडवरून फोन आला. तिथल्या एका चाळीतली पार्वती आमच्याकडे नाव घातलेली बाई होती. पहिलटकरीण. रात्रीपासून अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. डॉक्टरीणबाई दुसऱ्या बाळंतपणात गुंतलेल्या. म्हणाल्या, "तू जा. आणता आली तर इकडे घेऊन ये, मी टेबल तयार ठेवते."

उशीच्या अभ्र्यावर तांबड्या औषधानं फुली काढून मी तो गाडीच्या नाकावर बांधला. तांडेल चाक धरून बसले होते. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. "दर्यावरसून जावया. लोअर परळच्या पुलावरसून भितुर शिरतंव. सात रस्त्याक आज आग आसा."

मी चिडले. "तांडेल, आज फिरायला जायचं नाहीये. बाई मरेल तिकडे. सरळ चला."

त्यांनी गिअर टाकला. सरळ निघाले.

सात रस्त्यापर्यंत कुणी अडवलं नाही. पुढं डिलाईल रोडच्या तोंडाशी रस्ता दगडांनी आणि उलथलेल्या कचऱ्याच्या डब्यांनी भरला होता. मधोमध एक हातगाडी आडवी टाकून पेटवलेली. अभ्रा वाऱ्यानं गुंडाळून गेला होता, फुली कुणाला दिसणार? मोटार म्हणजे शेठची किंवा सरकारची, एवढंच गर्दीला ठाऊक. पहिला दगड टपावर आला. दुसऱ्यानं समोरची काच फुटून आमच्या मांडीवर सांडली. तांडेलांच्या कपाळातून रक्त आलं. त्यांनी सीटखालून गाडी सुरू करायचा लोखंडी दांडा काढला आणि ते खाली उतरले.

"तांडेल, आत या!" मी ओरडले.

त्याच वेळी गर्दीतून एक माणूस दोन्ही हात वर करून ओरडत गाडीकडे धावत आला. त्यानं माझ्या बाजूच्या दाराला हात घातला. तांडेलांनी दांडा फिरवला. हाड मोडल्याचा आवाज मला फुटलेल्या समोरच्या काचेतून स्वच्छ ऐकू आला. तो माणूस गुडघ्यांवर बसला, आणि मोडलेला हात छातीशी धरून म्हणाला, "डाक्टर... डाक्टरची गाडी मां ही? माझी बायको..."

तो पार्वतीचा नवरा होता, सखाराम. तासाभरापासून आमची वाट बघत त्या दगडांत उभा होता.

दगड थांबले. ज्यांनी मारले होते त्यांनीच पेटलेली हातगाडी बाजूला ओढली, डबे सरकवले. कुणीतरी तांडेलांच्या कपाळाला रुमाल बांधला. तांडेल दांडा हातात धरून तसेच उभे होते. सखारामच म्हणाला, "चला, मामा, चला. मागसून बघू." आणि मोडका हात धरून तो गाडीपुढं पळत सुटला.

पार्वतीला तपासलं तेव्हा बाळाचे ठोके अजून लागत होते, पण मंद. शस्त्रक्रियेवाचून सुटका नव्हती. परळचं इस्पितळ पूर्वेकडचा पूल ओलांडला की होतं, पण त्याच पुलाकडून गोळीबाराचे आवाज येऊ लागले, आणि माणसं तिकडून चाळीत पळत आली. सात रस्त्याकडेही सुरू झालं होतं. ज्या जागी सखाराम उभा होता तिथं दोघे पडले, असं कुणीतरी धापा टाकत सांगितलं. मी तांडेलांकडे पाहिलं. त्यांनी पार्वतीला उचलून मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी समुद्राच्या बाजूला, लोअर परळच्या पुलाकडे वळवली.

वरळीला रस्ता मोकळा होता. चिटपाखरू नव्हतं. समोर काच नसल्यामुळे खारा वारा थेट तोंडावर येत होता. मागच्या सीटवर पार्वती माझं मनगट इतकं आवळत होती की नखं रुतून रक्त आलं. पुढं तांडेलांशेजारी सखाराम. तो समुद्राकडे बघत म्हणाला, "नऊ वर्सां झाली मुंबयत, पण हय कधी येवकच नाय." तांडेलांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांनी चाकावरचा हात काढला नाही.

हाजीअलीच्या वळणावर पोलिसांनी अडवलं. फुटकी काच, रक्त, पुढं दोन जखमी गडी. फौजदारानं दुसरं काही पाहिलंच नाही. "दगडफेक करून पळताय काय? उतर खाली!" तांडेल उतरले, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत पहिली लाठी खांद्यावर बसली, दुसरी पाठीवर. मी दार उघडेपर्यंत चार-पाच झाल्या. लॉरीवाल्याला एका ठोशात लोळवणारा तो माणूस हात खाली सोडून उभा होता. "मारा, सायबानूं, माका मारा," ते म्हणत होते. "पण गाडी अडवू नकात. भितुर बाळंतीण आसा."

मी किंचाळत पार्वतीवरची चादर बाजूला केली. फौजदारानं आत पाहिलं आणि मान वळवली. "जाऊ द्या," एवढंच म्हणाला.

आम्ही ठाकूरद्वारला पोचलो. डॉक्टरीणबाईंनी पार्वतीला वाचवलं. मुलगा होता. तो रडला नाही.

वेळेचा हिशेब मी किती वेळा मांडला असेल! समुद्राकडून गेलो असतो तर ना दगड, ना हातगाडी. अर्धा तास तरी आधी पोचलो असतो. तांडेल हे एका वाक्यात माझ्या तोंडावर मारू शकले असते. त्यांनी मारलं नाही.

आठवड्याभरानं ते मला म्हणाले, "बाय, माझ्यावांगडा चल. एकट्याक जावक होयत नाय." आम्ही डिलाईल रोडला गेलो, चालत. सखारामच्या हाताला प्लास्टर होतं. गिरणीत साचा चालवायचा हात तोच. पार्वती भिंतीकडे तोंड करून निजली होती. तांडेल उंबऱ्यातच थांबले. "तुझो हात मीच मोडलंय," म्हणाले. "तुका काय करूचा ता कर."

सखारामनं एकदा पार्वतीच्या पाठीकडे पाहिलं. मग हळूच, बायकोला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "मामा, आदल्या दिसा मीय दगड मारी होतंय. मोटारींवर. भितुर कोण होता, ता मीय खय बघलंय?"

तांडेल उंबरा ओलांडून त्याच्याशेजारी बसले. मग दोघेही रडले, आणि ते बघवेना म्हणून मी पार्वतीशेजारी जाऊन बसले. तिनं माझ्याकडे तोंड वळवलं नाही, पण माझा हातही झिडकारला नाही.

त्या दिवसानंतर तांडेलांनी चाक धरलं नाही. काच नवी आली, गाडी दुरुस्त झाली, डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं समजावलं. ते गाडी पुसत, पाणी भरत, पण बसायची वेळ आली की मान हलवत. शेवटी गावी जायचं ठरवलं. मी भाऊच्या धक्क्यावर त्यांना पोचवायला गेले. त्यांच्याकडे एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी होती. बोटीत माणसं चढत होती. मला तोपर्यंत जमलं नव्हतं ते मी तिथं बोलले.

"तांडेल, तुम्ही सांगितलं होतं. रस्ता मी चुकवला."

मला वाटलं, ते नाही म्हणतील. म्हणतील, बाय, देवाच्या मनात होतं. मला तेच ऐकायचं होतं. त्यांनी वळकटी खांद्यावर घेतली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"होय. रस्तो तू चुकलंस, आणि हात माझो चुकलो," ते म्हणाले. "तुझी चूक तुझ्याकडे ठेव. कामाक येतली. माझी मी घेवन जातंय."

आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ते फळीवरून बोटीत चढले.

पुढं मुंबई महाराष्ट्राला मिळाली, रोषणाई झाली, लोक आनंदानं वेडे झाले. मी चाळीस वर्षं बाळंतपणं केली. गाडीवाला असो, सुईण असो, दारातली म्हातारी असो, कुणी "डॉक्टर, असं नको" म्हटलं की माझा हात जागच्या जागी थांबतो, आणि मी विचारते, "का? सांगा."